स्नायू बसून पगार घेत नाहीत

आमच्या फिजिओथेरपी डिपार्टमेंटमध्ये किस्से इतके का साठतात, याचं उत्तर शेकाच्या पिशवीत आहे. पेशंटच्या खांद्यावर ती गरम पिशवी ठेवली की वीस मिनिटं त्याला हलता येत नाही. टीव्ही नाही, वाचायला काही नाही, समोर भिंतीवर मानवी सांगाड्याचं जुनं चित्र. मग माणूस करणार काय? बोलतो! त्याचं बोलून होतं तोवर शेजारचा सुरू करतो. अशी वीस-वीस मिनिटं ऐकत माझी सगळी नोकरी सरली.

मी मूळचा अकोल्याचा. सगळं जग कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून घाबरलं होतं, त्या वर्षी मी पुण्यात नोकरीला लागलो. मंडईपासून चालत पाच मिनिटांवर एका ट्रस्टचं हॉस्पिटल, तळमजल्यावर आमचा हॉल आणि वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीचं कॉलेज. दोन्हीकडच्या प्रमुख गायकवाड मॅडम. खडकीत वाढलेल्या, कारखान्यातल्या फिटरची मुलगी, घराण्यातली पहिली पदवीधर. बुटक्या, काटक. आवाज कधी चढायचा नाही. चढवायची गरजच पडायची नाही, इतकं त्या थोडक्यात कापायच्या.

पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "वानखडे, सर्टिफिकेटं नंतर दाखवा. आधी हात दाखवा. गार आहेत का?" मी हात पुढे केले. "गार आहेत. चोळा. गार हात लावलात तर पेशंट दचकतो, आणि दचकलेला स्नायू खरं सांगत नाही."

आधीच सांगून टाकतो. या किश्श्यांमध्ये हसू येईल, पण यांचा शेवट चांगला नाही. ज्या बाईंनी शेकडो माणसांना पुन्हा उभं केलं, त्यांचे स्वतःचे स्नायू एकेक करून गेले. आणि आम्ही सगळे, ज्यांचा धंदाच स्नायूंचा, बघत उभे राहिलो. हे आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

*

हाताची पकड मोजायचं आमच्याकडे एक यंत्र होतं. मुठीत धरून दाबायचं, काटा फिरतो. एक आयटीवाला तरुण मनगट दुखतं म्हणून आला. दिवसभर माऊस, संध्याकाळी नव्या एसी जिममध्ये आरसा. टी-शर्टच्या बाह्या दंडावर ताणलेल्या. त्यानं दुखऱ्या हातानं दाबलं, मग चांगल्या हातानं दाबलं, आणि काट्याकडे कौतुकानं बघितलं.

शेजारच्या खुर्चीवर मंडईतल्या बटाटेवाल्या हौसाबाई बसल्या होत्या. साठी उलटलेली, गुडघ्यांसाठी यायच्या. "बघू वो कसलं यंतर हाय," म्हणाल्या. मी दिलं. हौसाबाईंनी दाबलं आणि काटा त्या पोराच्या चांगल्या हाताच्याही पुढे गेला!

पोरगा म्हणाला, "मॅम, मशीन कॅलिब्रेट केलेलं नाहीये का?"

मॅडम म्हणाल्या, "मशीन ठीक आहे. तुम्ही आरशासाठी कमावलंय, त्यांनी पोत्यासाठी. ज्याचा सराव कराल तेच येतं."

सगळा हॉल हसला. पोरगाही हसला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. मुठीकडे बघत म्हणाल्या, "हातात जोर हाय वो बाई. पन खाली बसलं का उठाया येत न्हाई, अन् गाळा तर खालीच हाय ना." पुढच्या दिवाळीपर्यंत गाळ्यावर त्यांची सून बसायला लागली होती.

*

आता माझी स्वतःची फजिती सांगतो.

सूर्यवंशी म्हणून एक पेशंट. मोठ्या कारखान्यात पंचवीस वर्षं मशीनवर उभं राहून काम केलेले. स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा आत जो पाय निघाला, तो बघून त्यांच्या बायकोनं किंकाळीच फोडली. "अहो, हा पाय यांचा नव्हे!" स्नायू वापरला नाही की असा झरझर वाळतो. काही आठवड्यांत मांडी ओळखू येत नाही.

आमची पद्धत अशी. गुडघ्याच्या वाटीच्या वर ठरावीक अंतरावर पेनानं खूण करायची आणि शिंप्याच्या टेपनं मांडीचा घेर घ्यायचा. मग दुसऱ्या, चांगल्या पायाचा घ्यायचा. दोघांतला फरक फाइलमध्ये लिहायचा. फरक कमी होत गेला की आपण जिंकलो.

सूर्यवंशींचा फरक दर पंधरवड्याला कमी होत गेला. एके दिवशी फरक शून्य! मी हॉलमध्ये ओरडलोच. सूर्यवंशींच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले.

मॅडमनी पेढा हातात घेतला, फाइल उघडली आणि विचारलं, "वानखडे, चांगल्या पायाचा पहिल्या दिवशीचा घेर किती होता?"

मी पान उलटून आकडा बघितला. आजारी पाय थोडासाच भरला होता. बाकीचा फरक चांगल्या पायानं भरून काढला होता, स्वतः वाळून! कारखान्यानं व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन मुदतीआधी निवृत्ती, आणली होती, सूर्यवंशींनी ती घेतली होती, आणि तेव्हापासून ते दिवसभर खिडकीशी बसून होते. मला हे माहीत होतं. शेकाच्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि टेप तेवढी नीट धरली.

"तुम्ही आजारी पाय वर नाही आणलात," मॅडम हळूच म्हणाल्या. "चांगला पाय खाली येऊन त्याला भेटला."

मी म्हणालो, "मॅडम, पेढे परत देऊ का?"

"खा. पेढ्यांची चूक नाही." मग सूर्यवंशींकडे वळून म्हणाल्या, "साहेब, स्नायू बसून पगार घेत नाहीत. काम काढून घेतलंत की तेही निघून जातात. उद्यापासून दोन्ही पायांचा व्यायाम."

सूर्यवंशी म्हणाले, "कशासाठी मॅडम? जायचंय कुठं?"

मॅडमनी पेढा फाइलवर ठेवला, टेप घेतली आणि त्यांच्या दोन्ही मांड्या स्वतः पुन्हा मोजल्या.

*

एका सॉफ्टवेअर कंपनीनं फिटनेस डे म्हणून सगळ्या टीमला सिंहगडावर नेलं. चढताना सगळे हाश-हुश करत वर गेले, भजी खाल्ली, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि उतरताना शर्यत लावली. पळत खाली! दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातले आठ जण कंपनीच्या बसमधून आमच्या दारात.

आमच्या दाराशी रस्त्यावरून खाली यायला सहा पायऱ्या आहेत. ही आठ तरणीताठी माणसं कठड्याला धरून, पाठ आमच्याकडे करून, उलटी एकेक पायरी उतरत होती. शांतामावशी, आमच्या डिपार्टमेंटच्या मदतनीस, झाडू हातात घेऊन बघतच राहिली. "काय झालं वो या समद्यांना? अपघात?"

त्यांच्यातला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, चढताना इतकी वाट लागली, तेव्हा काही झालं नाही. उतरताना तर सोपं वाटत होतं."

मॅडमनी समजावलं. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होता वजन धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावत उतरतो. त्यात त्याचे बारीक धागे जागोजाग उसवतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. आराम दिला की तो स्वतःच शिवून घेतो, आणि आधीपेक्षा थोडा जाड शिवतो. व्यायामानं ताकद येते ती अशीच.

"पण शुक्रवारी आमचं रिलीज आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग लिफ्टनं जा," मॅडम म्हणाल्या. "आणि लक्षात ठेवा, उतरणं नेहमीच जास्त दुखतं."

तेव्हा आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं, गंमत म्हणून. वर्षभरानं ते मीच पुसलं.

*

धायरीला नव्या सोसायटीत राहणारे लिमये आजोबा. मुलगा अमेरिकेत, दर रविवारी सकाळी त्याचा फोन. मॅडमनी आजोबांना एकच व्यायाम दिला होता. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. दहा वेळा. म्हाताऱ्या मांड्यांनाही ओझं दिलं की त्या भरतात, वयाची सबब चालत नाही, हे मॅडमचं ठाम मत.

मुलगा मोठा शिस्तीचा. फोन चालू असतानाच बाबांकडून व्यायाम करून घ्यायचा. "बाबा, सुरू करा. मोठ्यानं मोजा." आणि आजोबा मोजायचे. एक, दोन, तीन. मुलगा मॅडमना ई-मेल पाठवायचा, बाबा आता वीसपर्यंत गेले, पंचवीसपर्यंत गेले!

तीन महिन्यांनी आजोबा तपासणीला आले. मॅडमनी त्यांच्या मांडीवर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, तोंडाचा व्यायाम छान झालाय."

आजोबा ओशाळले. खुर्चीत बसूनच आकडे मोजत होते!

"अहो, पण का? मुलगा एवढा आपुलकीनं विचारतो."

आजोबांनी काठी खुर्चीला टेकवली. मग म्हणाले, "उठबस केली की मला धाप लागते, मॅडम. मग त्याच्याशी बोलता येत नाही. दहा मिनिटांचा तर फोन."

मॅडमनी फाइलमध्ये काय लिहिलं ते मी नंतर बघितलं. "रविवार सोडून, रोज."

*

आता इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

आमच्याकडे शनिवारी सकाळी पेशंट यायच्या आधी एक रिवाज होता. स्टाफनं एकमेकांचे स्नायू तपासायचे. समोरच्यानं हात किंवा बोट ताठ धरायचं, आपण ढकलायचं, आणि शून्य ते पाचमध्ये मार्क द्यायचे. हालचालच नाही तर शून्य. पूर्ण जोराला पुरून उरला तर पाच. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून सगळ्यांचे पाच सारखे असावेत यासाठी मॅडमनी हे चालू केलं होतं.

त्या शनिवारी माझ्या वाट्याला मॅडम आल्या. उजवा अंगठा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा, जिथे मांसल गादी असते, तिथे खळगा दिसला. बाहीच्या खाली कातडीच्या आत काहीतरी फडफडत होतं, एकेक धागा आपोआप उडावा तसं. हे कशाचं लक्षण आहे ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी अंगठा ढकलला. म्हणजे ढकलल्यासारखं केलं. वहीत लिहिलं, पाच.

पुढच्या शनिवारी पुन्हा मीच. पुन्हा पाच.

तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "वानखडे, तुम्ही ढकलताय की नमस्कार करताय?"

मी वही बाजूला ठेवली.

"ढकला."

मी ढकलला. अंगठा सरळ आडवा झाला.

"किती?"

"चार, मॅडम."

"तीन." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि मागच्या दोन्ही शनिवारचे पाच स्वतः खोडले. पेन धरताना चारही बोटांची मूठ करावी लागत होती. "पेशंटवर माया करा," म्हणाल्या, "आकड्यावर करू नका."

त्यांना आमच्या आधी कळलं होतं. शांतामावशीनं मग सांगितलं की मॅडमचा डबा दोन महिने तीच उघडून देतेय. ती एकदा म्हणाली होती, "मॅडम, झाकण लई घट्ट झालंय, नवा डबा घ्या की." मॅडम म्हणाल्या होत्या, "डबा तोच आहे, शांता."

*

मोटर न्यूरॉन डिसीज. मोठ्या डॉक्टरांनी नाव दिलं, औषध नाही म्हणाले.

मला ते पटेना. मी दोन रात्री जागून एक तक्ता तयार केला. कोणत्या स्नायूला किती वजन, किती वेळा, किती विश्रांती, दर आठवड्याला कसं वाढवायचं. रंगीत पेनांनी आखला. शांतामावशीनं डिंकाचे लाडू करून आणले. आम्ही दोघं मॅडमच्या केबिनमध्ये तक्ता आणि लाडू घेऊन उभे.

मॅडमनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. "अक्षर सुधारलंय," म्हणाल्या. "पण वानखडे, बल्ब चांगला आहे हो. बल्बकडे येणारी वायर जळतेय. मेंदूचा निरोपच स्नायूपर्यंत पोचत नाही. तुम्ही कितीही ओझं द्या, ज्याला हुकूमच ऐकू येत नाही तो उचलणार कसा? उलट जे थोडे धागे उरलेत, ते तुमच्या तक्त्यानं दमून जातील."

मी म्हणालो, "मग आम्ही काय करायचं, मॅडम?"

"तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, वापरा नाहीतर जाईल. आता वापरलं तरी जाणार. एवढा एक आजार माझ्या उपदेशात बसत नाही, आणि तो माझ्याच वाट्याला आला." मग म्हणाल्या, "लाडू भरव शांता, छान झालेत."

ट्रस्टनं सुचवलं की मॅडमनी आता घरी बसावं. मॅडमनी उत्तर दिलं की शेवटच्या वर्षाची बॅच परीक्षेला बसेपर्यंत मी येणार, मग तुम्ही म्हणाल तिथे बसेन. तेवढं एकच त्यांनी मागितलं. मग आधी फळ्यावर लिहिणं गेलं. मग उभं राहणं गेलं. खुर्चीवरून शिकवायच्या. आवाज बारीक झाला तेव्हा मुलं बाकं पुढे ओढून बसायला लागली.

*

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस. अशा परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक खरा पेशंट देतात. तपासायचं, निदान सांगायचं, व्यायाम सांगायचा, पुढे काय होणार ते सांगायचं. त्या दिवशी बोलावलेल्यांपैकी एक पेशंट आलाच नाही. बाहेरगावचे परीक्षक घड्याळ बघायला लागले. उरली होती प्रज्ञा, हिंगोलीकडची, आधी एकदा नापास झालेली. या वेळी पास नाही झाली तर घरचे लग्न लावून देणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत.

मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, "मी आहे ना."

परीक्षक म्हणाले, "अहो मॅडम, असं कसं?"

"केस चांगली आहे. सगळी लक्षणं आहेत. आणि पेशंट वेळेवर हजर आहे."

प्रज्ञानं हात चोळून गरम केले. तपासलं. खांदा एक, कोपर दोन, बोटं शून्य. एकही आकडा तिनं वाढवून सांगितला नाही. निदान बरोबर सांगितलं.

परीक्षकांनी विचारलं, "व्यायामानं ताकद वाढेल?"

"नाही, सर. सांधे आखडू नयेत म्हणून हात-पाय मी हलवीन. पेशंटला दमवणार नाही."

"आणि पुढे काय होईल?"

एरवी हे उत्तर पेशंटला कळू नये म्हणून इंग्रजीत द्यायची पद्धत आहे. इथे त्याचाही आडोसा नव्हता. परीक्षकांनी प्रश्न परत घ्यायला तोंड उघडलं.

"बोल," मॅडम म्हणाल्या. "उत्तर मला माहीत आहे. तुला येतं का, एवढंच बघायचंय."

प्रज्ञा बोलली. हळूहळू वाढत जाईल म्हणाली. गिळायच्या स्नायूंपर्यंत जाईल, मग श्वासाच्या. मग थांबली, आणि तिच्या गालांवरून पाणी यायला लागलं.

मॅडम परीक्षकांना म्हणाल्या, "उत्तर पूर्ण बरोबर. पण एक मार्क कापा. पेशंटसमोर रडायचं नसतं."

परीक्षकांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं.

"आणि प्रज्ञा," मॅडम म्हणाल्या, "झालं असेल तर जरा माझे डोळे पूस. माझा हात वर जात नाही."